तीनशे तीनचं काय करायचं?

ऑक्टोबर लागला की या सदराचं टपाल बदलतं. एरवी प्रेशर कुकर न्यावा का, रूममेट कसे शोधावेत, असली पत्रं असतात. आता नुसते आकडे, प्रवेश परीक्षांच्या गुणांचे; आणि त्यातही बहुतेक जीआरईचे, म्हणजे अमेरिकेतल्या पदव्युत्तर प्रवेशासाठी देतात त्या परीक्षेचे. अमेरिकेतल्या एका राज्य विद्यापीठात सिव्हिल विभागात शिकवत असताना मी वर्षानुवर्षं पदव्युत्तर प्रवेशाच्या समितीवर बसले, म्हणून हे आकडे माझ्याकडे येतात. निवृत्त होऊन सांगलीला परतले तरी येतातच. या वेळी चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त गेली, कारण बाकीच्या कितीतरी जणांचं दुखणं तेच आहे.

मॅडम, मी सोलापूरची. २०२३ मध्ये सिव्हिलमधून बी.ई. झाले. सीजीपीए ७.९. एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी लागली होती (विषय राहिला होता), पुढच्याच परीक्षेत सुटली. सध्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प चालवणाऱ्या एका कंत्राटदाराकडे नोकरी करते. पर्यावरण अभियांत्रिकीत एम.एस. करायचंय. जीआरईला क्वांट, म्हणजे गणिताला १५६, व्हर्बल, म्हणजे इंग्रजीला १४७, निबंधाला ३. एकूण ३०३. कन्सल्टंट म्हणतात, ३१० च्या खाली चांगलं काही मिळत नाही. त्यांचा क्लास लावून परत परीक्षा दे, नाहीतर त्यांच्या यादीतल्या आठ ठिकाणी अर्ज कर. एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबत स्वतःबद्दल लिहायच्या निवेदनात, कमी स्कोअरचं कारण द्यावं का? एचओडी सर म्हणतात, शिफारसपत्र तूच लिहून आण, मी सही करतो. बाबा घरावर कर्ज काढायला तयार आहेत, आणि मला झोप लागत नाही.

अगं, आधी ती बेरीज सोड. परीक्षा घेणारी ईटीएस स्वतः गुणपत्रिकेवर बेरीज छापत नाही. आमच्या समितीत ‘ही तीनशे तीनवाली’ असं कुणी कधी म्हटल्याचं मला आठवत नाही. ती बेरीज क्लासवाल्यांची आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांची. समिती तिन्ही आकडे सुटे बघते, आणि तुझे तिन्ही वेगवेगळं काही सांगतात.

क्वांट १३० ते १७० मध्ये मोजतात. या परीक्षेला आपल्याकडची आणि चीनमधली गणितात तयार झालेली इतकी मुलं बसतात, की १६० मिळाले तरी माणूस जेमतेम रांगेच्या मधोमध उभा असतो. तू त्याच्या थोडी मागे आहेस. व्हर्बल १४७ मधल्यापेक्षा बरंच खाली आहे, पण इंजिनिअरिंगच्या टेबलावर त्याकडे फार कुणी थांबत नाही. मी थांबले असते निबंधाच्या तीनवर. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा दोन तासांच्या आत आली आणि निबंध एकच उरला, तीस मिनिटांचा. तो एक माणूस तपासतो आणि एक यंत्र. क्लासमध्ये पाठ करून घेतलेला साचा, म्हणजे पहिल्या परिच्छेदात प्रश्नच उलटून लिहायचा, मग ‘एकीकडे’, मग ‘दुसरीकडे’, तो दोघांनाही ओळखता येतो. तीन बहुतेक त्या साच्याचे आहेत. तुझं पत्र मी वाचलं. तुला लिहिता येतं.

आता समिती काय बघते ते सांगते. आमच्याकडे जानेवारीत फाइली यायच्या, एक फाइल दोघांनी वाचायची, आणि खरं सांगायचं तर पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ कुणाला मिळत नसे. आधी ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या विषयांचं गुणपत्रक, मग शिफारसपत्रं, मग एसओपी. एमएसच्या फाइलीत मनात प्रश्न एकच असतो: ही मुलगी पहिलं सेमिस्टर तरून जाईल का? पर्यावरण अभियांत्रिकीच्या पहिल्या सेमिस्टरला प्रदूषक पाण्यात आणि जमिनीत कसे पसरतात हे शिकवतात, आणि ते सगळं डिफरन्शियल इक्वेशन्सवर चालतं. म्हणजे थेट तुझं एम-थ्री. एम-थ्रीची केटी एकटी असती तर मी पुढे गेले असते. क्वांट १५६ एकटं असतं तरी गेले असते. दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, तिथे वाचणारा पेन खाली ठेवतो.

म्हणून तुझं काम त्या एका शंकेला उत्तर देण्याचं आहे, आणि ते परत जीआरई देऊनच द्यावं लागतं असं नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांचा डिफरन्शियल इक्वेशन्सचा कोर्स कर, आणि केंद्रावर जाऊन त्याची परीक्षा दे. नुसते व्हिडिओ पाहिल्याला कुणी विचारत नाही, देखरेखीखालच्या परीक्षेला विचारतात. जानेवारीच्या सत्रात नाव घातलंस तर अर्जात ‘चालू आहे’ असं लिहिता येईल आणि निकाल नंतर विभागाला कळवता येईल. दुसरं, वर्गातला तुझा क्रमांक काढ. ७.९ म्हणजे काय, हे ओहायोत किंवा आयोवात बसलेल्या माणसाला कळत नाही. एखाद्या विद्यापीठात ७.९ म्हणजे वर्गातली पहिली पाच मुलं असतात, दुसऱ्यात अर्धा वर्ग. ‘साठ जणांत आठवी’ असं एचओडींनी पत्रात लिहिलं तर त्या एका वाक्याने क्वांटचे चार गुण भरून निघतात.

परत परीक्षा द्यायची का? नियमाने २१ दिवसांनंतर देता येते, बारा महिन्यांत पाच वेळा, आणि कोणता स्कोअर पाठवायचा हे तू निवडू शकतेस. आधीचा कमी स्कोअर कुणाला दिसत नाही. पण फी तुझ्या पगारातून जाणार. ईटीएसच्या साइटवर फुकट मिळणाऱ्या दोन सराव परीक्षा घड्याळ लावून दे. दोन्हींत क्वांट १६१-१६२ च्या आसपास आलं तर परत दे, १५७ आलं तर पैसे वाचव. एक बारकावा क्लासवाले नीट सांगत नाहीत: क्वांटचा दुसरा भाग सोपा येणार की अवघड, हे पहिल्या भागातल्या कामगिरीवर ठरतं. पहिल्या बारा प्रश्नांत घाईने बरेच चुकलीस तर पुढे कितीही बरोबर सोडव, वरचे गुण हाताला लागत नाहीत.

तुझ्या पत्रात टोफेल-आयईएल्ट्सचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, उल्लेखच नाही, आणि मला खरी काळजी त्याची वाटते. जीआरईच्या बाबतीत ईटीएसच विद्यापीठांना सांगते की एका आकड्यावर फाइल बाजूला टाकू नका, आणि बहुतेक विभाग थोडेफार ऐकतात. इंग्रजीच्या परीक्षेचं तसं नाही. तिची किमान रेषा विभाग ठरवत नाही, वरचं ग्रॅज्युएट स्कूलचं ऑफिस ठरवतं, आणि त्या रेषेखालची फाइल आमच्यापर्यंत पोहोचतच नसे. शिवाय टीए, म्हणजे शिकवण्यातला मदतनीस, म्हणून वर्ग घ्यायचा तर बोलण्याच्या भागाची वेगळी आणि कडक अट असते. तेव्हा अभ्यासाचे तास उरले असतील तर ते इथे घाल.

एसओपीत स्कोअरचं कारण देऊ नकोस. परीक्षेच्या दिवशी ताप होता, नोकरीमुळे वेळ मिळाला नाही, हे सगळेच लिहितात, आणि वाचणाऱ्याचं लक्ष नेमकं ज्याकडे जाऊ नये तिकडे जातं. तू सोबत जोडलेल्या मसुद्याची सुरुवात आहे: ‘लहानपणापासून मला निसर्गाची ओढ आहे.’ बाई गं, सगळ्यांनाच असते. तिसऱ्या पानावर, कुठेतरी कोपऱ्यात, तू लिहिलंयस की चादर-टॉवेलच्या डाइंग युनिटचं रंगीत पाणी रात्री प्लांटला यायचं, बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) बरोबर यायचा पण रंग जायचा नाही, आणि त्यामागे मीठ आहे की रंगाचा रेणू, हे शोधायला तू तीन आठवडे स्वतःच्या खर्चाने नमुने तपासून घेतलेस. हे पहिल्या ओळीत आण. किती एमएलडीचा (दिवसाला किती दशलक्ष लिटरचा) प्लांट, कोणती प्रक्रिया, एमएलएसएस (टाकीतल्या गाळाचं प्रमाण) किती ठेवता, तू काय बदलून पाहिलंस, काय जमलं नाही, ते सगळं लिही. उजनी भरलेलं असतानाही चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात राहून तू पाणी शुद्ध करतेस, हे सांगायला विशेषणं लागत नाहीत. आणि एआयला लिहायला देऊ नकोस. त्या गुळगुळीत इंग्रजीच्या शेजारी निबंधाचे ३ ठेवले की वाचणाऱ्याला जे कळायचं ते कळतं.

शिफारसपत्राचं तर आपल्याकडे सगळं रीतसर चुकीचं चालतं. एका मुलाची तीन प्राध्यापकांची तीन पत्रं यायची, तिन्हींत ‘सिन्सिअर अँड हार्डवर्किंग’, आणि स्वल्पविरामही त्याच चुकीच्या जागी. समितीत कुणी हसायचं, कुणी नुसती मान हलवायची. पत्रांचं वजन शून्य. सरांना पत्र लिहून नेऊ नकोस, त्याऐवजी माहितीचा एक कागद दे: त्यांच्याकडे कोणते विषय होते, प्रोजेक्ट काय, त्यात तू स्वतः काय केलंस, वर्गात कितवी. ‘सर, एवढं समोर असलं की तुम्हाला दहा मिनिटं लागतील’ असं म्हण. बहुतेक सर लिहितात. त्यांना कंटाळा आठवण्याचा असतो. दुसरं पत्र तुझ्या साइट इन-चार्जचं घे. त्यांचं इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी रात्रपाळीला पंप बंद पडला तेव्हा तू काय केलंस, हे त्यांनाच माहीत आहे. पत्रं कॉलेजच्या आणि कंपनीच्या ईमेलवरून जाऊ देत, जीमेलवरून नकोत. अर्जात विचारतील, हे पत्र पाहायचा हक्क सोडतेस का? १९७४ च्या एका कायद्याने तो हक्क विद्यार्थ्याला दिलाय. सोडून दे. ज्याने सोडलेला नाही त्याच्या पत्रावर वाचणारे विश्वास कमी ठेवतात.

कमी स्कोअर खरोखर नडतो ती जागाही सांगते, म्हणजे मी सगळं गोड करून सांगतेय असं वाटायला नको. विद्यापीठाच्या मोठ्या फेलोशिपसाठी विभाग नावं पाठवतो, आणि तिथे तुझी फाइल इतिहासाचा प्राध्यापक आणि संगीताची प्राध्यापिका वाचतात. त्यांना एमएलएसएस कळत नाही. त्यांच्या हातात सगळ्यांना सारखी लागू पडणारी गोष्ट एकच असते, ती म्हणजे हे आकडे. तिथे तू बसणार नाहीस. प्रवेश मिळेल आणि फेलोशिप मिळणार नाही, हे धरूनच हिशोब कर.

आता बाबांचं घर. कन्सल्टंटला लेखी विचार: यादीतल्या कोणत्या विद्यापीठांकडून तुम्हाला प्रवेशामागे कमिशन मिळतं? अशी कमिशनं देणारी विद्यापीठं आहेत आणि त्यात बेकायदा काही नाही, पण मग ती यादी तुझ्यासाठी केलेली नसते. तुझी यादी तू कर. ज्या विभागात औद्योगिक सांडपाण्यावर काम करणारे निदान दोन प्राध्यापक आहेत, अशी पाच ठिकाणं काढ. आठ अर्जांची फी कशाला भरायची? त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून एका परिच्छेदाचा ईमेल कर, त्यात तुझ्या रंगीत पाण्याचा प्रश्न घाल. उत्तर दहातून दोघांचं येतं. ते दोघं पुरतात.

फंडिंगचं मात्र २०२५ पासून अवघड झालंय. तिथल्या सरकारने संशोधनाच्या पैशाला कात्री लावली, आणि प्राध्यापकाच्या हातात ग्रँट नसली तर त्याला तू कितीही आवडलीस तरी आरए, म्हणजे पगारी संशोधन साहाय्यकाची जागा, देता येत नाही. त्यात सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर, म्हणजे तिथल्या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जांवर, एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. ‘दोन वर्षांत नोकरी, चार वर्षांत कर्ज फेड’ हे गणित जुन्या मुलांचं होतं, ते तसंच उचलू नकोस. माझं स्पष्ट मत: विनाफंडिंग प्रवेश आला तर या वर्षी घर गहाण टाकू नका. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो का ते विभागाला विचार, नोकरी चालू ठेव, जीआरई पाच वर्षं चालते. फंडिंगसह आला तर कुणी ‘आठ दिवसांत कळव’ म्हणून दटावलं तरी घाबरू नकोस. अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांनी एक ठराव मान्य केलाय, फंडिंगच्या ऑफरला १५ एप्रिलपर्यंत उत्तर द्यायची मुभा असते. ते विद्यापीठ त्या यादीत आहे का ते बघ आणि बिनधास्त थांब.

ताई, मी नाशिकचा, महावितरणमधून निवृत्त. मुलगा आयटी इंजिनिअर. जीआरईला २९८ पडले. आता म्हणतो, जी विद्यापीठं जीआरई मागत नाहीत तिथेच अर्ज करतो. मला हा पळपुटेपणा वाटतो. परीक्षा न घेणारी विद्यापीठं दुय्यमच असणार ना?

दादा, एमआयटीचा विद्युत आणि संगणक विभाग जीआरई मागत नाही. तेव्हा दुय्यमचा मुद्दा इथेच सोडू या.

ही परीक्षा का सुटत गेली ते सांगते, कारण २०२० मध्ये कोविडने केंद्रं बंद पडली म्हणून, एवढंच लोक सांगतात. सुरुवात त्याआधीच जीवशास्त्रवाल्यांनी केली होती. २०१७ मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या लोकांनी आपल्याच पीएचडीच्या मुलांची माहिती काढून पाहिली, तर जीआरईचे गुण आणि पीएचडी पूर्ण होणं यांचा संबंध लागेना. २०१९ मध्ये भौतिकशास्त्राच्या अमेरिकाभरच्या विद्यार्थ्यांवर तसाच अभ्यास आला आणि बराच गाजला. दुसरी बाजूही आहे. मिनेसोटाच्या संशोधकांनी २००१ मध्ये कितीतरी जुने अभ्यास एकत्र करून दाखवलं होतं की पहिल्या वर्षाच्या ग्रेडशी या गुणांचा संबंध आहे. आणि मी आयुष्यभर संख्याशास्त्र वापरलं असल्यामुळे माझ्या मनात एक शंका कायम राहते: हे अभ्यास प्रवेश मिळालेल्यांवरच होतात. ज्यांना गुणांमुळे दारातच अडवलं, ते आत आले असते तर काय झालं असतं हे त्यात नाही. माझा स्वतःचा अनुभव दोन्हींच्या मध्ये पडतो. पहिल्या सेमिस्टरला कोण धडपडणार याचा अंदाज क्वांटवरून थोडा यायचा. चौथ्या वर्षी कोण टिकणार याचा अजिबात नाही.

आता तुमच्या मुलाने विभागांच्या पानांवर शब्द नीट वाचावेत. ‘आवश्यक नाही’, ‘ऐच्छिक’ आणि ‘स्वीकारत नाही’ ही तीन वेगवेगळी धोरणं आहेत. ‘स्वीकारत नाही’ तिथे २९८ चा प्रश्नच मिटला. ‘ऐच्छिक’ तिथे माझं मत असं की स्कोअर त्या विभागात येणाऱ्या मुलांच्या मधल्या पातळीपेक्षा खाली असेल तर पाठवू नये. फॉर्ममध्ये गुण भरायची जागा असते तीही रिकामी ठेवावी. काही विभाग परीक्षा परत आणतायत, म्हणून गेल्या वर्षीच्या सीनिअरचं ऐकून अर्ज करू नये. आणि अर्थशास्त्राच्या पीएचडीसारख्या काही वाटांवर क्वांट अजूनही कसून बघतात, पण तुमच्या मुलाला ती वाट नाही.

पळपुटेपणा मला यात दिसत नाही. धोका मात्र दिसतो, तो वेगळा. संगणकशास्त्राच्या एमएसला एकेका विभागात भारतातून ढिगाने अर्ज जातात. जीआरई नसली की ते चाळायला दुसरी चाळणी लागते, आणि ती सहसा कॉलेजचं नाव आणि सीजीपीए असते. आयआयटी, एनआयटी, पुण्या-मुंबईतली दोन-तीन नावं तिकडे ओळखीची आहेत. बाकी कॉलेजांतल्या ज्या मुलाला क्वांटला १६८ मिळाले असते त्याचा हुकमाचा पत्ता परीक्षा गेल्यामुळे गेला. तुमच्या मुलाचा तो पत्ता नव्हताच, म्हणून त्याचं नुकसान कमी. पण मग फाइलीत दुसरं काही ठसठशीत हवं. गिटहबवर तीन महिने चाललेलं, दुसऱ्या कुणीतरी खरोखर वापरलेलं एखादं काम हवं. कोर्सेराच्या प्रमाणपत्रांची रांग नको, ती सगळ्यांकडे असते.

एक आगाऊपणा करते. अर्जाच्या पोर्टलचा पासवर्ड तुमच्याकडे आहे असं तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात. तो त्याला परत द्या आणि बदलायला सांगा.

मॅडम, मी नांदेडचा. गेट, म्हणजे इथल्या एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेत, सिव्हिलला स्कोअर ४१२. आयआयटीत स्ट्रक्चरला एम.टेक. करायचंय. स्कोअर कमी असला तरी प्रोफाइल चांगलं आहे, तर एसओपीत काय लिहू?

बाळा, वरचं माझं सगळं पुराण तुझ्या उपयोगाचं नाही. आयआयटीच्या नेहमीच्या एम.टेक.ला तुझी गोष्ट वाचायला कुणी बसलेलं नसतं. स्कोअरचा क्रम लागतो, कोॲप या आयआयटींच्या सामायिक पोर्टलवर ऑफर येतात, संपलं. ४१२ ला स्ट्रक्चर मिळेल अशी आशा मी लावणार नाही.

वाट बदल. बऱ्याच आयआयटींत आणि आयआयएससीत संशोधनावर आधारित मास्टर्स असतं, कुठे एम.एस., कुठे एम.टेक. रिसर्च म्हणतात. तिथे गेटवरून पहिली चाळणी होते, ती एम.टेक.पेक्षा बरीच मोकळी असते, आणि मग लेखी परीक्षा किंवा मुलाखत. मुलाखतीत स्ट्रक्चरल ॲनालिसिस आणि स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स फळ्यावर उभं करून विचारतात. ‘प्रोफाइल’ तिथे सिद्ध करायचं. दुसरी वाट, प्रोजेक्ट स्टाफ म्हणून लागायचं. पगार बेताचा असतो, पण वर्षभरात प्राध्यापक तुला ओळखतात. एनआयटींसाठी सीसीएमटीची, म्हणजे त्यांच्या एकत्रित एम.टेक. प्रवेशाची, फेरी चुकवू नकोस. नागपूरचं व्हीएनआयटी त्यातच येतं, आणि स्ट्रक्चरचा हट्ट सोडून ट्रान्सपोर्टेशन किंवा जिओटेक धरलंस तर चित्र बदलतं. गेटवर प्रवेश घेतलेल्यांना महिना १२,४०० रुपये मिळतात, तेवढ्यात नागपुरात मेसचं भागतं. स्कोअर तीन वर्षं चालतो, पण फेब्रुवारीत परत परीक्षा द्यायला कुणाची ना नाही. तुझ्या बाबतीत मी तेच सुचवेन. अमेरिकेला जाऊ पाहणाऱ्या सोलापूरच्या मुलीला मी तसं सरसकट सुचवलं नाही, कारण तिथला आकडा फाइलीतला एक कागद असतो. इथे तो दरवाजाच असतो.

मॅडम, मी यवतमाळची, एमएसडब्ल्यू केलंय, अनुसूचित जातीतली. परदेशात शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्तीचा अर्ज करायचा आहे. पण मी जीआरई कधी दिली नाही आणि इंग्रजीची भीती वाटते. आधी जीआरईचा क्लास लावू का?

नको. केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीला जीआरई लागत नाही. तिथे हे बघतात: विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत आहे का आणि तुझ्या हातात बिनअटीचं प्रवेशपत्र आहे का. जागा १२५, त्यातल्या बहुतेक अनुसूचित जातींसाठी. वय पस्तिशीच्या आत, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत. एक गोष्ट विषय निवडायच्या आधी माहीत असू दे: २०२२ पासून भारताची संस्कृती, वारसा, इतिहास किंवा भारतावरचा सामाजिक अभ्यास या विषयांना ही शिष्यवृत्ती मिळत नाही. मला हा नियम पटत नाही, पण तो आहे. तू यवतमाळच्या शेतकरी कुटुंबांवर काम करायचं म्हणतेस, तर अभ्यासक्रम सार्वजनिक आरोग्य, मानसिक आरोग्य किंवा सामाजिक धोरण असा निवड, आणि अर्जातही तसंच मांड. राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती वेगळी आहे, तिच्या अटी वेगळ्या आणि बदलत्या. दोन्हींचे अर्ज भर.

ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांत तुझ्या विषयांना जीआरईचं नावही काढत नाहीत, आयईएल्ट्स लागते. तिची भीती बाळगू नकोस, ती शब्दांच्या याद्या विचारत नाही. रोज अर्धा तास इंग्रजीत कुणाशी तरी मोठ्याने बोल, चुकत बोल. गावात क्लास नसेल तर ब्रिटिश कौन्सिलच्या साइटवर सरावाचं साहित्य फुकट आहे.

आणि परीक्षेशिवाय गेलेली मुलगी म्हणून कमीपणा वाटत असेल तर एवढंच लक्षात ठेव, १९१३ मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब कोलंबियाला गेले तेव्हा जीआरई जन्मालाही आलेली नव्हती. ती १९३६ मध्ये चार विद्यापीठांनी मिळून प्रयोग म्हणून सुरू केली, त्यात कोलंबियाही होतं.

उत्पन्नाचा दाखला आणि जातवैधता आजच काढायला टाक. तलाठी, सेतू आणि तहसील यांच्या फेऱ्यांत आठवडे जातात, आणि पोर्टल उघडल्यावर ते मिळत नाहीत.